ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूंचे संक्षारण व तडकणे

ॲल्युमिनियमात मुद्दाम मिसळलेली किंवा अशुद्धी म्हणून राहिलेली मूलद्रव्ये त्या धातूच्या संक्षारणावर (परिसराशी होणाऱ्या रासायनिक वा विद्युत् रासायनिक विक्रियेमुळे होणाऱ्या झिजेवर) व तडे जाण्याच्या प्रवृत्तीवर जो परिणाम करतात, त्याचा विचार या नोंदीत केला आहे. शुद्ध ॲल्युमिनियम ही हलकी व सहसा न गंजणारी, परंतु मऊ धातू आहे. व्यापारी शुद्धतेच्या व मऊ केलेल्या पत्र्याचे ताणबल (ओढला असता तुटण्यापूर्वी तो सोसू शकेल असे कमाल प्रतिबल, प्रतिबल म्हणजे एकक क्षेत्रफळावरील प्रेरणा) सु. ९० मेगापास्कल एवढेच असते. तांबे, मॅग्नेशियम, सिलिकॉन, जस्त इ. मूलद्रव्ये मिसळून व योग्य उष्णता संस्करण करून ते ५५० मेगापास्कलपेक्षाही अधिक करता येते. विमाने, जहाजे, रेल्वेचे डबे व अग्निबाणांच्या टाक्या यांसाठी ॲल्युमिनियम वापरता येऊ लागले ते यामुळेच. मात्र ज्या मूलद्रव्यामुळे बल वाढते, त्याच मूलद्रव्यामुळे पुष्कळदा संक्षारणरोध घटतो व तडे जाण्याचा धोका निर्माण होतो. हा परिणाम मूलद्रव्याच्या प्रमाणावर जितका अवलंबून असतो, त्याहून अधिक ते मूलद्रव्य धातूच्या अंतर्रचनेत कोठे व कोणत्या रूपात आहे यावर अवलंबून असतो.

संरक्षक थर : ॲल्युमिनियम ही रासायनिक दृष्ट्या अतिशय क्रियाशील धातू आहे. तरीही ती हवेत टिकते, कारण तिच्या उघड्या पृष्ठावर तत्काळ ऑक्साइडाचा काही नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा अब्जावा भाग) जाडीचा अखंड थर तयार होतो व आतील धातूचा ऑक्सिजन आणि पाणी यांच्याशी संबंध तोडतो. थर खरवडला गेल्यास तो पुन्हा तयार होतो. सु. ४ ते ८·५ या पीएच मूल्यांच्या (अम्लता वा क्षारता दर्शविणाऱ्या अंकांच्या) दरम्यान हा थर स्थिर असतो. त्यापेक्षा अधिक अम्लीय किंवा अधिक क्षारीय विद्रावात तो विरघळतो. धुण्याच्या सोड्याने ॲल्युमिनियमाची भांडी काळवंडतात व झिजतात ती यामुळेच. लोणच्यात अम्ल व मीठ ही दोन्ही असल्याने ते ॲल्युमिनियमाच्या भांड्यात न ठेवता चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत ठेवण्याची पद्धत योग्यच आहे. मिठातील क्लोराइड आयन (विद्युत् भारित अणू) थराचा ठिकठिकाणी भेद करतात व तेथे खोल खळगे पडतात.

थरात दुबळ्या जागा कोठे निर्माण होणार हे बव्हंशी मिश्रक मूलद्रव्ये ठरवितात. मूलद्रव्य ॲल्युमिनियमात विरघळून एकजीव घन विद्राव झाला असेल, तर थर बराचसा अखंड राहतो. ते स्वतंत्र कणांच्या रूपात अलग झाले असेल, तर कण व सभोवतालची धातू यांच्या विद्युत् वर्चसांत फरक पडतो आणि ओलावा असताना सूक्ष्म विद्युत् घट तयार होतात. घटातील अधिक ऋण वर्चस् असलेला भाग विरघळत जातो व दुसरा सुरक्षित राहतो. मिठाच्या प्रमाणित विद्रावात मोजलेले शुद्ध ॲल्युमिनियमाचे वर्चस् −०·८५ व्होल्ट असता सिलिकॉनाचे −०·२६, लोह-ॲल्युमिनियम संयुगाचे −०·५६, तांबे-ॲल्युमिनियम संयुगाचे −०·७३, मँगॅनीज-ॲल्युमिनियम संयुगाचे −०·८५, जस्त-मॅग्नेशियम संयुगाचे −१·०५ व मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम संयुगाचे −१·२४ व्होल्ट असते. पहिल्या तीन कणांभोवतीची धातू झिजते, तर शेवटचे दोन कण स्वतःच झिजतात. पुढील विवेचनाचा बराचसा भाग या आकड्यांवरून समजू शकतो.

मूलद्रव्यांचे परिणाम : (१) लोह व मँगॅनीज : लोह हे बॉक्साइटामधून व उत्पादनाच्या प्रक्रियेतून येते आणि सर्व व्यापारी ॲल्युमिनियमात थोड्याफार प्रमाणात असतेच. ते घन ॲल्युमिनियमात जवळजवळ विरघळत नाही. त्याच्या संयुगाचे कण पृष्ठावर विखुरलेले असून त्यांच्याभोवती खळगे पडतात. म्हणूनच ९९·९९ टक्के शुद्धतेची धातू साध्या व्यापारी धातूपेक्षा पुष्कळ अधिक टिकाऊ असते. सु. १ टक्का मँगॅनीज मिसळल्यास लोह मँगॅनिजाच्या संयुगात सामावले जाते. या संयुगाचे वर्चस् शुद्ध ॲल्युमिनियमाएवढेच असल्याने कणांचा उपद्रव कमी होतो, शिवाय बलही काहीसे वाढते. स्वयंपाकाची भांडी व छपराचे पत्रे यांसाठी मँगॅनीजयुक्त ३००३ ही मिश्रधातू वापरतात ती या दुहेरी लाभामुळे.

(२) तांबे : जर्मन धातुवैज्ञानिक आल्फ्रेट व्हिल्म यांना १९०६ मध्ये असे आढळून आले की, सु. ४ टक्के तांबे व थोडे मॅग्नेशियम असलेली मिश्रधातू तापवून पाण्यात एकदम थंड केल्यावर नुसती ठेवून दिली, तर काही दिवसांत आपोआप कठीण होते. १९०९ च्या सुमारास ती ‘ड्युराल्युमिन’ या नावाने बाजारात आली व विमानविद्येचा पाया ठरली. तांबे घन विद्रावातून अतिसूक्ष्म कणांच्या रूपात अवक्षेपित होते (बाहेर पडते) व त्यामुळे काठिण्य येते, हे स्पष्टीकरण अमेरिकेतील मेरिका, वॉल्टेनबर्ग व स्कॉट यांनी १९१९ मध्ये मांडले. फ्रान्समध्ये गिन्ये व इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी १९३८ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने या अवक्षेपणाच्या आरंभीच्या अवस्थेचा स्वतंत्रपणे पुरावा मिळविला.

तथापि नेहमीच्या मिश्रकांत तांबे हेच संक्षारणाच्या दृष्टीने सर्वांत घातक आहे. धातू थंड करण्यास विलंब झाल्यास तांब्याचे कण कणसीमांवर (धातूच्या स्फटिककणांना अलग करणाऱ्या पृष्ठांवर) प्रथम जमतात. सीमेलगतच्या पट्ट्यातील तांबे कणांत ओढले गेल्याने तो पट्टा तांब्याविना राहतो. त्याचे वर्चस् स्फटिककणाच्या अंतर्भागापेक्षा अधिक ऋण असल्याने झीज त्या पट्ट्यातून आत शिरते. यालाच आंतरकणी संक्षारण म्हणतात. वरून पत्रा धड दिसतो, परंतु आतून तो ठिसूळ झालेला असतो. ड्युराल्युमिनाच्या पत्र्यांतील या दोषाचा अभ्यास १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत झाला. तापवलेली धातू भट्टीतून काढून क्षणाचाही विलंब न लावता थंड पाण्यात बुडविली पाहिजे, हा विमान उद्योगातील दंडक त्यातूनच दृढ झाला.

(३) मॅग्नेशियम : घन विद्रावातील मॅग्नेशियमामुळे संक्षारणरोधास बाधा येत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातू उत्तम टिकतात, म्हणून नौका व जहाजे यांसाठी त्यांना प्राधान्य मिळते. परंतु नेहमीच्या तापमानास घन ॲल्युमिनियमात मॅग्नेशियम फारच थोडे विरघळते. ३ टक्क्यांहून अधिक मॅग्नेशियम असल्यास घन विद्राव अतिसंतृप्त व म्हणून अस्थिर असतो. सु. ६५° ते २००° से. यांदरम्यान तो दीर्घ काळ राहिल्यास मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम संयुगाची सलग साखळी कणसीमांवर तयार होते. या संयुगाचे वर्चस् सर्वांत ऋण असल्याने साखळी विरघळते आणि कण एकमेकांपासून सुटू लागतात. या अवस्थेला संवेदनीकरण असे म्हणतात.

अमेरिकी नौदलाच्या टायकॉन्डेरोगा वर्गातील क्रूझर जहाजांची वरची बांधणी ५·१ टक्के मॅग्नेशियम असलेल्या ५४५६ या मिश्रधातूची आहे. यांपैकी पहिले जहाज १९८३ मध्ये नौदलात दाखल झाले. उन्हाने व यंत्रांच्या उष्णतेने तापणाऱ्या या बांधणीत वर्षानुवर्षे हळूहळू संवेदनीकरण होत गेले व पुढे तिच्यात मोठ्या प्रमाणावर तडे आढळले. धातू कारखान्यातून बाहेर पडली त्या वेळी निर्दोष होती. दोष सेवाकाळात निर्माण झाला. संवेदनीकरणाची परीक्षा करण्यासाठी नमुना ३०° से. तापमानाच्या तीव्र नायट्रिक अम्लात २४ तास ठेवून त्याचे वजन किती घटते ते पाहतात. ही घट दर चौ. सेंमी.स १५ मिग्रॅ.पेक्षा कमी असल्यास धातू रोधक, तर २५ मिग्रॅ.पेक्षा अधिक असल्यास संवेदनशील समजतात.

(४) सिलिकॉन : सिलिकॉन व ॲल्युमिनियम यांच्या वर्चसांत मोठा फरक असला, तरी सिलिकॉनाच्या कणांवरून विद्युत् प्रवाह फारसा वाहत नाही. त्यामुळे तांबे नसलेल्या ओतीव सिलिकॉन मिश्रधातू बऱ्यापैकी टिकाऊ असतात. मॅग्नेशियम व सिलिकॉन ही योग्य प्रमाणात एकत्र असल्यास मॅग्नेशियम सिलिसाइडाच्या अवक्षेपणाने मध्यम बल मिळते व संक्षारणरोधही चांगला राहतो. दारे-खिडक्यांच्या चौकटींसाठी ६०६३ व संरचनांसाठी ६०६१ या अशा मिश्रधातू आहेत. सिलिकॉनाचे प्रमाण गरजेपेक्षा फार अधिक झाल्यास मात्र ते कणसीमांवर जमते व आंतरकणी संक्षारणाची शक्यता वाढते. अशुद्धीचा परिणामही कधीकधी निर्णायक ठरतो. पाणबुड्यांच्या श्वसनासाठी हवा साठविणाऱ्या ६३५१ या मिश्रधातूच्या टाक्यांच्या गळ्यापाशी दीर्घकालीन दाबाखाली तडे जात. या तड्यांच्या वाढीशी अत्यल्प प्रमाणातील शिशाचा संबंध असल्याचे दिसून आले. पुढे नव्या टाक्यांसाठी ६०६१ ही मिश्रधातू वापरण्यात येऊ लागली.

(५) जस्त : जस्तामुळे घन विद्रावाचे वर्चस् अधिक ऋण होते. एरवी गैरसोयीचा वाटणारा हा गुण दुसऱ्या धातूच्या रक्षणासाठी उपयोगी पडतो. जस्त व अत्यल्प इंडियम असलेले ॲल्युमिनियमाचे ठोकळे जहाजांच्या व समुद्रातील पोलादी बांधकामांना जोडतात. ते स्वतः झिजून पोलाद वाचवितात. जस्त व मॅग्नेशियम एकत्र असल्यास सर्वाधिक बलाच्या मिश्रधातू मिळतात, पण त्याबरोबरच पुढे वर्णिलेला प्रतिबल संक्षारणाचा प्रश्न तीव्र होतो.

प्रतिबल संक्षारण तडे : सतत लागू असलेले ताण प्रतिबल व संक्षारक परिसर या दोहोंच्या संयुक्त क्रियेने पडणाऱ्या तड्यांना प्रतिबल संक्षारण तडे म्हणतात. यांपैकी एकटे प्रतिबल किंवा एकटा परिसर असता तडा पडत नाही. ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूंत हे तडे कणसीमांमधून जातात. सीमेवरील कण विरघळणे हे त्यांचे एक कारण आहे. दुसरे असे की, तड्याच्या टोकाशी उघड्या पडलेल्या ताज्या धातूवर पाण्याची विक्रिया होऊन हायड्रोजन निर्माण होतो व तो धातूत शिरून सीमा दुबळ्या करतो. त्यामुळे खाऱ्या पाण्याची आवश्यकता नसते. दमट हवाही पुरते.

जस्त-मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातूंचे बल पहिल्या महायुद्धानंतर लवकरच लक्षात आले होते, परंतु आपोआप तडकण्याच्या दोषामुळे त्यांचा वापर करता येत नव्हता. १९३६ मध्ये जपानमधील इगाराशी यांनी अल्प क्रोमियम मिसळून हा दोष आटोक्यात आणला व ती मिश्रधातू पुढे ‘झीरो’ या लढाऊ विमानात वापरण्यात आली. अमेरिकेत १९४३ मध्ये प्रचारात आलेल्या ७०७५ या मिश्रधातूत सु. ५·६ टक्के जस्त, २·५ टक्के मॅग्नेशियम, १·६ टक्के तांबे व ०·२ टक्क्यांहून किंचित अधिक क्रोमियम असते. क्रोमियमामुळे स्फटिककण लांबट राहतात व पत्र्याच्या लांबीच्या दिशेत ताण असल्यास तड्याला सरळ मार्ग मिळत नाही.

मात्र जाड ठोकळ्यांत हे संरक्षण अपुरे पडते. लाटण्याच्या क्रियेत कण चपटे होतात आणि जाडीच्या दिशेने ताण आल्यास त्यांच्या सीमा ताणाशी काटकोनात येतात. कमाल बलासाठी सु. १२०° से. तापमानास २४ तास ठेवलेल्या (टी६ अवस्थेतील) ७०७५ च्या जाड पाटात जाडीच्या दिशेने सु. ५० मेगापास्कल एवढे प्रतिबल तडे जाण्यास पुरते. म्हणजे ताणबलाच्या एकदशांशाहूनही कमी! घट्ट बसविलेला बुश किंवा जुळणीत ओढून आणलेला सांधा यांमुळेही एवढे प्रतिबल सहज निर्माण होते. विमान उडाले नाही तरी ते कायम असते.

१९६० नंतरच्या दशकात यावर जो उपाय प्रचारात आला त्यात मिश्रधातूचे संघटन बदलले नाही, केवळ संस्करण बदलले. कमाल बलाच्या टप्प्यापुढे जाऊन धातू सु. १६०° ते १७५° से. तापमानास आणखी काही तास ठेवतात (टी७३ अवस्था). त्यामुळे कणसीमांवरील कण मोठे व एकमेकांपासून दूर होतात आणि तांब्याचा काही अंश त्यांत शिरून त्यांचे वर्चस् सभोवतालच्या धातूच्या जवळ येते. बल १० ते १५ टक्क्यांनी घटते, परंतु जाडीच्या दिशेतील सुरक्षित प्रतिबल सु. ३०० मेगापास्कलपर्यंत वाढते. एरवी घातक असलेले तांबे येथे उपकारक ठरते, ही गोष्ट लक्षणीय आहे. तांबेविरहित जस्त-मॅग्नेशियम मिश्रधातूंना हा लाभ पुरेसा मिळत नाही. बल न गमावता हाच परिणाम साधण्यासाठी धातू थोडा वेळ उच्च तापमानास नेऊन पुन्हा कठीण करण्याची पद्धत १९७० नंतरच्या दशकात इझ्राएलमध्ये पुढे आली. क्रोमियमाऐवजी झिर्कोनियम वापरलेली ७०५० ही मिश्रधातू जाड भागांतही नीट कठीण होते, म्हणून विमानांच्या जाड संरचनात्मक भागांसाठी ती वापरतात.

उष्ण तडे : ओतकामात व वितळजोडकामात (वेल्डिंगमध्ये) धातू गोठत असताना पडणारे तडे वेगळ्या प्रकारचे असतात. त्यांचा संक्षारणाशी संबंध नसतो. ॲल्युमिनियम गोठताना त्याचे घनफळ ६ ते ७ टक्क्यांनी घटते. मिश्रकांमुळे गोठणे एका तापमानास न होता एका पल्ल्यात होते आणि शेवटी कणांमध्ये द्रवाचे पातळ पापुद्रे उरतात. आकुंचनाच्या ओढीने ते फाटतात. द्रव अगदीच थोडा असल्यास पापुद्रे सलग होत नाहीत व तो भरपूर असल्यास वाहत येऊन फट भरून काढतो. म्हणून धोका मधल्या प्रमाणाला सर्वाधिक असतो. सिलिकॉनाच्या बाबतीत हे प्रमाण सु. १ टक्का, मॅग्नेशियमाच्या बाबतीत १ ते २ टक्के व तांब्याच्या बाबतीत सु. ३ टक्के असते.

या माहितीवरून जोडताराची निवड करतात. ६०६१ चे पाट त्याच मिश्रधातूच्या तारेने जोडल्यास जोड तडकतो, परंतु ५ टक्के सिलिकॉन किंवा ५ टक्के मॅग्नेशियम असलेली तार वापरल्यास धोक्याचे प्रमाण ओलांडले जाते. मात्र मॅग्नेशियमाची तार वापरलेला जोड दीर्घकाळ ६५° से.च्या वर तापणार असेल, तर वर सांगितलेल्या संवेदनीकरणाचा धोका उद्‌भवतो. एक तडा टाळताना दुसऱ्याला वाट मिळू नये, हे पाहावे लागते. अग्निबाणांच्या टाक्यांसाठी सु. ६·३ टक्के तांबे असलेली २२१९ ही मिश्रधातू वापरतात. तिच्यातील तांबे ३ टक्क्यांच्या बरेच पुढे असल्याने ती चांगली जोडता येते. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या एलव्हीएम-३ या प्रक्षेपकाच्या अतिशीत टप्प्यातील टाक्या याच मिश्रधातूच्या आहेत. याउलट २०२४ व ७०७५ या विमानातील मिश्रधातू विद्युत् प्रज्योतीने समाधानकारक रीतीने जोडता येत नाहीत, म्हणून त्यांचे भाग रिव्हेटांनी जोडत आले आहेत. १९९१ मध्ये इंग्लंडमध्ये शोधून काढलेल्या घर्षण-ढवळ जोडकामात धातू न वितळविता मऊ करून ढवळतात. त्यात गोठण्याची क्रियाच नसल्याने उष्ण तडे पडत नाहीत.

प्रतिबंधक उपाय : बलासाठी अपरिहार्य असलेले मिश्रक आत ठेवून पृष्ठ मात्र शुद्ध राखणे हा सर्वांत जुन्या व परिणामकारक उपायांपैकी एक आहे. अमेरिकेतील ई. एच. डिक्स यांनी १९२७ मध्ये ड्युराल्युमिनाच्या पत्र्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमाचा पातळ थर लाटून बसविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या थराचे वर्चस् आतील धातूपेक्षा अधिक ऋण असल्याने चरा पडला, तरी थर झिजतो व गाभा वाचतो. ७०७५ साठी सु. १ टक्का जस्त मिसळलेल्या ॲल्युमिनियमाचा थर वापरतात. यांशिवाय विद्युत् विच्छेदनाने ऑक्साइडाचा थर जाड करणे, रंगलेप देणे, तांबे व पितळ यांचा प्रत्यक्ष स्पर्श टाळणे आणि सांध्यात पाणी साठणार नाही असा अभिकल्प (आराखडा) करणे हे उपाय योजतात.

या उपायांना नियमित तपासणीची जोड नसल्यास काय घडते हे २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांजवळ दिसून आले. अलोहा एअरलाइन्सच्या बोईंग ७३७ विमानाच्या छपराचा सु. ५·५ मी. लांबीचा भाग उड्डाणात फाटून निघून गेला व एक हवाईसेविका मृत्युमुखी पडली. विमानाने ८९,६८० उड्डाणे पूर्ण केली होती. २०२४ या मिश्रधातूच्या पत्र्यांच्या सांध्यातील चिकटद्रव्य सुटून तेथे ओलावा शिरला होता, संक्षारण झाले होते आणि रिव्हेटांच्या रांगेत शिणवट्याचे (पुनःपुन्हा येणाऱ्या भारामुळे पडणारे) अनेक सूक्ष्म तडे एकत्र मिळाले होते. या घटनेनंतर जुन्या विमानांच्या तपासणीचे नियम अधिक कडक करण्यात आले.

मिश्रधातूची निवड म्हणजे केवळ बलाच्या आकड्याची निवड नव्हे. ती कोणत्या हवेत, किती तापमानास, कोणत्या दिशेच्या ताणाखाली व किती वर्षे वापरावयाची आहे, तसेच ती जोडणार कशी, याचा विचार संघटन ठरवितानाच करावा लागतो. कमाल बलापेक्षा थोडे कमी बल पत्करून टिकाऊपणा साधणे हे विमाने, जहाजे व दाबपात्रे यांच्या बाबतीत अनेकदा अधिक शहाणपणाचे ठरले आहे.